गिलगुल: परत येणारा जीव नेमका कुणाचा?

माधुकरी

ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान एकजन्मवाले आणि आपण पुनर्जन्मवाले, अशी सरधोपट वाटणी इथल्या जुन्या धाग्यांवर बऱ्याचदा दिसते. ज्यूंपुरती तरी ती टिकत नाही. त्यांच्या बायबलात पुनर्जन्म सांगितलेला नाही हे खरं, तालमूद या त्यांच्या धर्मशास्त्राच्या जुन्या चर्चाग्रंथातही नाही. बगदादच्या सादिया गाओन या पंडितांनी ९३३ साली लिहिलेल्या ग्रंथात तर ‘स्वतःला ज्यू म्हणवणारे काही जण असलं मानतात’ असं म्हणून ही कल्पना वेडगळ ठरवून निकालात काढली होती. बाराव्या शतकातला मोठा ज्यू तत्त्ववेत्ता मैमोनिदीस तिची दखलही घेत नाही. आणि तरी बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समध्ये ‘बाहीर’ नावाचं एक लहानसं, तुटक, कोड्यात बोलणारं पुस्तक समोर येतं आणि जीव परत येतात (यालाच पुढे गिलगुल म्हणू लागले), हे त्यात जणू सगळ्यांना ठाऊकच असल्याच्या थाटात सांगितलेलं असतं.

बाहीरमधला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. सज्जनाच्या वाट्याला दुःख का? उत्तरादाखल एक दृष्टान्त येतो. एकाने गोड द्राक्षांच्या आशेने मळा लावला. आली आंबट. त्याने वेली उपटल्या, जमीन साफ केली, पुन्हा लावल्या. पुन्हा आंबट. असं किती वेळा करायचं? तर हजार पिढ्यांपर्यंत. मला यात गंमत वाटली ती ही, की घाम मळेवाल्याचा गळतोय. जीव चुकतो, पण पुन्हा लागवड करायची दगदग देवाची.

यानंतर शंभरेक वर्षांनी स्पेनमध्ये ‘जोहर’ आला. अरामी भाषेतला हा अवाढव्य ग्रंथ दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाईंच्या नावावर आहे, पण तो मुख्यतः मोशे दे लिओन आणि त्याच्या वर्तुळाने तेराव्या शतकाच्या शेवटी लिहिला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातलं ‘सबा’ म्हणजे म्हाताऱ्याचं प्रकरण नुसतं गोष्ट म्हणून वाचलं तरी झकास आहे. दोन रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, वाटेत भेटतात. एक जण वैतागलेला, कारण गाढवं हाकणारा एक म्हातारा रस्ताभर त्याला कोडी घालून पिडत होता. जे झाड अस्तित्वातच नाही त्यावर घरटं बांधणारा गरुड कोणता? डोळे नसलेली सुंदर मुलगी कोण? दुसरा रब्बी म्हणतो, त्याला बोलव तर खरं. म्हातारा येतो आणि बोलू लागतो तेव्हा या दोघांची बोलती बंद होते. जीवांच्या येण्याजाण्याचं गुपित तो सांगतो. मध्येच रडतो, आपण नको ते बोलून गेलो म्हणून घाबरतो, पुन्हा सांगतो.

हे सगळं गुपित लटकलेलं आहे ते एका विवाहाच्या नियमावर. भाऊ निपुत्रिक मेला तर दुसऱ्या भावाने त्याच्या विधवेशी लग्न करावं आणि पहिला मुलगा मेलेल्या भावाच्या नावाने वाढवावा, असं बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात आहे. दिराने नकार दिला तर ती पंचांसमोर त्याच्या पायातला जोडा काढते आणि त्याच्यासमोर थुंकते. कायदेपंडितांच्या लेखी हा वारसाहक्काचा मामला. कब्बालावाले, म्हणजे बाहीर-जोहरच्या गूढविद्येचे लोक, म्हणाले, नाही, तो मुलगा म्हणजेच मेलेला भाऊ आहे. काम अर्धं टाकून गेला होता, त्याला परत यायला दार करून दिलं. रूथच्या गोष्टीत रूथला मुलगा होतो तेव्हा शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला! नामी तर सासू. बाळंतपण सुनेचं. मग नामीला कसा झाला? कारण तो नामीचा मेलेला मुलगाच परत आलाय, हे यांचं उत्तर. मला हे वाचन फार आवडतं. खरं मानायची गरज नाही, पण त्या शेजारणींच्या वाक्याचा याहून चांगला उलगडा मी वाचलेला नाही.

आता त्सफात. आजच्या उत्तर इस्रायलमधलं, गालिलच्या डोंगरातलं गाव. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकलल्यावर पुढच्या काही दशकांत तिथे एकाहून एक विद्वान जमले. १५७० मध्ये इजिप्तहून इत्झाक लुरिया आला, तेव्हा तो छत्तीसच्या आसपास होता. दोन वर्षांत, १५७२च्या साथीत गेलाही. स्वतः जवळपास काहीच लिहिलं नाही. लोक त्याला ‘आरी’ म्हणजे सिंह म्हणतात. आज जी कब्बाला म्हणून ओळखली जाते तिच्यातली बरीचशी या दोन वर्षांतली, आणि तीही शिष्य हयीम व्हिताल याच्या वह्यांमधून आलेली. व्हितालच्या मुलाने त्या वह्यांची आठ ‘दारं’ लावली. त्यातलं एक दार फक्त गिलगुलचं, म्हणजे जीवांच्या फेऱ्यांचं.

इथून पुढे ‘वासांसि जीर्णानि’ विसरायचं. जुनं वस्त्र टाकून नवं नेसणारा एक अखंड आत्मा, हे चित्रच आरीकडे नाही. त्याच्या मते सगळे जीव आधी आदामात होते. आदामाच्या जीवाला २४८ अवयव आणि ३६५ शिरा, बेरीज ६१३, म्हणजे तोरातल्या (बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांतल्या) आज्ञांइतकी. आदाम चुकला तसा तो विखुरला. कुणाचा जीव त्याच्या डोक्यातला, कुणाचा टाचेतला. शिवाय माणसाच्या जीवाला थर आहेत: नेफेश, रुआह, नेशामा आणि त्यावर आणखी दोन. हे थर एकत्रच आले पाहिजेत असं नाही. नेफेश एका जन्मात दुरुस्त झाला आणि रुआह राहिला, तर रुआह पुढे भलत्याच कुणाच्या नेफेशवर बसून येतो. तुमच्या अंगात आत्ता जे नांदतंय त्यातलं किती तुमचं आणि किती बिऱ्हाडकरू, सांगता यायचं नाही.

एकच उदाहरण देतो. आदामाचा मुलगा काइन याने सख्ख्या भावाला, हाबेलाला मारलं. जुन्या कथेप्रमाणे भांडण हाबेलाबरोबर जन्मलेल्या जुळ्या बहिणीवरून. पुढे हाबेल मोशे, म्हणजे ज्यूंना इजिप्तमधून सोडवणारा प्रेषित, होऊन आला. आणि काइन? तो तीन ठिकाणी वाटला गेला. त्याचा नेफेश मोशेने ठार मारलेल्या इजिप्शियन माणसात, रुआह मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहमध्ये, आणि नेशामा मोशेचा सासरा इथ्रो याच्यात. हाबेलाचं रक्त प्यायला जमिनीने तोंड उघडलं होतं. कोरहला गिळायलाही जमिनीने तोंडच उघडलं. आणि इथ्रोने आपली मुलगी सिप्पोरा मोशेला दिली, म्हणजे हिसकावलेली बाई परत केली. एकाच खुन्याचा एक तुकडा मारला जातो, एक गाडला जातो आणि एक मुलीचं लग्न लावून देणं चुकतं करतो. याला ते ‘तिक्कुन’ म्हणतात, दुरुस्ती.

मला पडलेला प्रश्न हा, की असे वाटे होत असतील तर ‘माझा’ पुनर्जन्म आणि ‘माझी’ सुटका या बोलण्याला काय अर्थ राहतो? मोक्ष एकट्याचा असूच शकत नाही अशी ही मांडणी दिसते. जाणकारांनी भर घालावी.

अर्धवटराव

वाचनखूण साठवली. काइनाचा परिच्छेद दोनदा वाचला. पण माणूस फक्त माणूसच होतो का? आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्षांचा फेरा आहे.

माधुकरी

@अर्धवटराव, व्हितालच्या वह्यांत जीव दगडात, झाडात, पाण्यात, जनावरात जातात. आरी शिष्यांबरोबर रानात फिरताना झाडांवर, दगडांवर बसलेले जीव दाखवायचा, कपाळावरची अक्षरं वाचून कुणाचं काय राहिलंय ते सांगायचा, अशा कथा आहेत. फरक एवढाच की तिथे अडकलेला जीव स्वतः काही करू शकत नाही. त्याला माणसाने सोडवायचं. कसं? नीट मंत्र म्हणून फळ खाल्लं की फळातला वर सरकतो. सुरीला खाच नसताना, नियमाप्रमाणे कापलेलं जनावर खाल्लं की त्यातला. म्हणून जेवणं हे काम आहे, आणि जबाबदारीचं काम.

नास्तिक_नाना

लेख चांगला आहे, पण आमचा नेहमीचा खडा टाकतो.

ज्यूंमध्ये मेलेले उठण्याचा दिवसही आहे ना? मग चार देहांतून फिरलेला जीव त्या दिवशी कुठल्या देहात उठणार? की देहांची आपसात मारामारी? दुसरं, हे सगळं आपल्याकडून उचललेलं नाही कशावरून?

माधुकरी

नाना, पहिला खडा त्यांनाही टोचला होता. उत्तर असं, की ज्या देहात जेवढा भाग दुरुस्त झाला तेवढा भाग त्या देहाला मिळतो. म्हणजे चारही उठतात, ज्याच्या त्याच्या हिश्श्यासह. म्हटलं ना, वाटे.

दुसऱ्याबद्दल: आपल्याकडून गेल्याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. जवळच्या शक्यता बऱ्याच आहेत. प्लेटोची परंपरा आहे, आणि बाहीर जिथे समोर आला त्याच मुलखात त्याच काळात काथार पंथाचे ख्रिस्ती पुनर्जन्म मानत होते. कब्बालेचा मोठा अभ्यासक गेर्शोम शोलेम याने याचा विचार केला होता, पण दुवा काही पक्का सापडला नाही. उलट दिशेची थाप मात्र ऐका. अॅमस्टरडॅमचे मेनाशे बेन इस्रायल यांनी सतराव्या शतकाच्या मध्यावर जीवाच्या अमरत्वावर ग्रंथ लिहिला. उत्पत्तीच्या २५व्या अध्यायात अब्राहाम उपपत्नींच्या मुलांना देणग्या देऊन पूर्वेकडे धाडतो. मेनाशेंनी त्यावरून जुळवलं की हिंदुस्थानातला पुनर्जन्म अब्राहामाकडूनच गेला, ब्राह्मणही त्याच्याच नावावरून. म्हणजे नाना, उचलेगिरीचा आरोप आपल्यावर आहे.

नास्तिक_नाना

हा हा. पु. ना. ओक तिकडेही होते तर.

सई_सांजवेळ

‘हिसकावलेली बाई परत केली’ वाचून थबकले. जुळी बहीण, सिप्पोरा, विधवा वहिनी, सगळ्या जणी बाप्यांच्या दुरुस्तीचं सामान. बायकांचा गिलगुल होतो की नाही?

माधुकरी

सई, प्रश्न वर्मी लागणारा आहे. व्हिताल सांगतो की बायका सहसा फेऱ्यात येत नाहीत. तोरा शिकणाऱ्या पुरुषाला नरकाची आग लागत नाही, म्हणून त्याला मळ धुवायला परत यावं लागतं. बाईला शिकण्याची सक्ती नाही, ती नरकातच धुऊन निघते. आल्या तर नवऱ्याच्या दुरुस्तीसाठी, त्याची जोडीदार म्हणून येतात. तुझ्या शंकेला पुस्ती देणारं जोहरमधल्या त्या म्हाताऱ्याचंही एक बोलणं आहे: नवरा मेला तरी त्याच्या रुआहचा अंश बायकोत राहतो आणि तिने दुसरं लग्न केलं की तो अंश नव्या नवऱ्याच्या जीवाशी आतल्या आत भांडत राहतो. म्हणून विधवेशी लग्न करणारा वादळात होडी घालतो म्हणे.

सई_सांजवेळ

म्हणजे भांडण दोन पुरुषांचं, रणांगण ती. धन्यवाद, रात्रीची झोप गेली.

पण खरं सांगू, त्या म्हाताऱ्याचं निरीक्षण खोटं नाही. माझी मावशी दुसऱ्या लग्नानंतरही चहा पहिल्या काकांना आवडायचा तसाच, आलं ठेचून आणि साखर बुडबुड, करायची. दुसरे काका मधुमेही. बिचारे प्यायचे.

पेणकरीण

इस्रायलमधल्या लोदहून लिहितेय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोळ रेवदंड्याचं, माहेर पेण. मराठी लिहायची सवय सुटत चाललीय, सांभाळून घ्या.

माधुकरी भाऊ, पुस्तकातलं तुम्ही छान मांडलंत. पण आमच्या घरात हे कुणी पुस्तकातून शिकलं नाही. झोपायच्या आधी शमा ही आमची मुख्य प्रार्थना म्हणतात, त्याच्याआधी एक परिच्छेद असतो. अर्थ साधारण असा: ज्याने मला राग आणला, दुखवलं, माझ्या अंगाला, पैशाला, अब्रूला धक्का लावला, चुकून किंवा मुद्दाम, बोलून किंवा करून, ‘या गिलगुलात किंवा दुसऱ्या गिलगुलात’, त्याला मी माफ करते, माझ्यापायी कुणाला शिक्षा होऊ नये. माझी सासू हे म्हणायची आणि लगेच दिवसभरात कोण काय बोललं त्याची उजळणी करायची. मी एकदा म्हटलं, आई, आत्ताच माफ केलंत ना? तर म्हणे, माफ केलं, विसरले कुठे!

आरीचं आणि आमचं एक नातं आहे ते मात्र कुणी लिहीत नाही. आरीला हे ज्ञान एलियाहू हन्नाबीने, म्हणजे एलिया प्रेषिताने, येऊन दिलं असं मानतात. त्सफातच्या सफारदी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) आरी सिनेगॉगमध्ये एक लहानशी खोली दाखवतात, तिथे दोघं बसायचे म्हणे. तोच एलियाहू हन्नाबी आमचा. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दगडावर आहे, नवस फेडायला लोक जातात. लग्न असो, घर घेतलेलं असो, मलिदा होतोच: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, वर फळं. इथे लोदला पोहे मिळतात, खोबरं मिळतं, पण पोहे भिजवायला बसणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात.

आमच्या कोकणातल्या जुन्या लोकांना कब्बाला माहीत नव्हती. एलियाहू माहीत होता. त्यामुळे मला त्या खोलीत गेल्यावर परकं वाटलं नाही.

अर्धवटराव

पेणकरीण ताई, तुमचं मराठी आमच्यापेक्षा बरं आहे. सासूबाईंना दंडवत.

तुम्ही अंगात येण्याबद्दल काही ऐकलंय का? ‘दिब्बुक’ नावाचा भुताचा प्रकार असतो ना? एक जुना यिद्दिश सिनेमा अर्धा बघितला होता.

पेणकरीण

आमच्याकडे नाही हो ते. ते पोलंड-रशियाकडच्यांचं. आमच्या आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती, दृष्ट काढ आणि झोप.

माधुकरी

@अर्धवटराव, सिनेमा १९३७चा. मूळ नाटक अन्स्कीचं, १९२०मध्ये वॉर्सात प्रथम झालं, लेखक गेल्यावर थोड्याच दिवसांत. त्याने त्याआधी १९१२ ते १९१४ युक्रेनमधल्या ज्यू गावांत फिरून कथा, गाणी, रिवाज गोळा केले होते, त्यातलं द्रव्य नाटकात आहे.

दिब्बुक हा गिलगुलचाच बिघडलेला भाऊ. जीव इतका मळलेला की त्याला नवा जन्मही मिळत नाही, मग तो जिवंत माणसात घुसतो. याची उजळ बाजू म्हणजे ‘इब्बुर’, शब्दशः गर्भ राहणं. एखाद्या सत्पुरुषाचा जीव काही काळ जिवंत माणसात येऊन राहतो, त्याला एखादं अवघड पुण्यकर्म करायला बळ देतो, किंवा स्वतःची राहिलेली एखादी आज्ञा त्याच्याकडून पुरी करून घेतो, आणि निघून जातो. ज्याच्यात राहिला त्याला पत्ताही नसतो. दिब्बुकही लगेच ठोकून हाकलायचा नसतो. आरीच्या शिष्यांच्या कथांत आधी त्याची चौकशी होते: तू कोण, कुठल्या गावचा, काय केलंस, कसा मेलास? आणि बाहेर काढताना त्याच्या दुरुस्तीची सोयही करायची असते. दोन रोगी, एक इलाज.

भीमथडी

सगळं रंजक आहे, पण मंडळी फार मजेत चाललीत म्हणून लिहितो.

ऑगस्ट २०००मध्ये रब्बी ओवादिया योसेफ यांनी प्रवचनात सांगितलं होतं की नाझींनी मारलेले साठ लाख ज्यू हे आधीच्या जन्मांत पाप केलेल्यांचे गिलगुल होते, प्रायश्चित्तासाठी परत आलेले. हा कुणी गल्लीतला बाबा नव्हे. इस्रायलचे माजी सफारदी मुख्य रब्बी, शास या धार्मिक पक्षाचे तेव्हाचे सर्वेसर्वा. छळछावणीतून वाचलेली माणसं तेव्हा जिवंत होती आणि ऐकत होती. गदारोळ झाला, मग त्यांनी ते सगळे पवित्रच होते अशी सारवासारव केली.

माधुकरी, तुमचा तो द्राक्षमळ्याचा दृष्टान्त इथेच पोचतो. ‘सज्जनाला दुःख का’ याचं उत्तर ‘तो आधी सज्जन नव्हता’ असं दिलं की झालं, मारणारा सुटला. आम्हाला हे नवीन नाही. चोखोबांसारखा माणूस आपल्या जन्माचं कारण पूर्वीच्या कृष्णनिंदेत शोधतो, ते वाचताना अंगावर काटा येतो. विटाळ मानणाऱ्यांना जाब विचारायचा सोडून स्वतःलाच आरोपी करायला लावणारी ही युक्ती आहे. बाबासाहेबांनी बुद्धाचं कर्म मांडताना गेल्या जन्माची ही वारसदारी साफ नाकारली ती याचसाठी. वाटे असोत की अखंड आत्मा असो, हिशेब मागे ढकलला की चालू जन्मातला गुन्हेगार मोकळा.

नास्तिक_नाना

भीमथडींशी शब्दशः सहमत. आणि जन्म बदलला की साक्षीदारही उरत नाही, ही आणखी सोय.

माधुकरी

भीमथडी, ते प्रवचन मला ठाऊक होतं आणि लेखात टाळलं होतं, कारण मला त्याला उत्तर देता येत नाही. बचाव करणार नाही. व्हितालच्या वह्यांतसुद्धा अमुक पाप केलं की तमुक जनावर, अशी क्रूर कोष्टकं आहेत. ती माझ्या ‘वाट्यां’च्या कल्पनेला शोभत नाहीत म्हणून ती नाहीतच असं म्हणता येणार नाही.

तरी एक गोष्ट बाजूला ठेवून बघा. आरीने शिष्यांना सांगितलेले पूर्वजन्म बहुतेक ‘तू आता काय कर’ याच्याशी बांधलेले असतात. व्हितालला तो म्हणाला, तुझा जीव आधी स्पेनमधल्या विदाल दे तोलोसा या पंडितात होता, काइनाच्या मुळाचा आहेस, तुझ्याकडून हे आणि हे राहिलंय. म्हणजे वाचणारा आणि ज्याचं वाचलं तो समोरासमोर, आणि कपाळ ज्याचं काम त्याचं. योसेफांनी केलं ते याच्या उलट: मेलेल्या परक्यांची कपाळं लांबून, सरसकट वाचली. दुसरं, सज्जनांचे जीव स्वतःचं काही बाकी नसतानाही दुसऱ्यांना सोडवायला येतात असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे दुःख दिसलं की मागे पाप होतंच, हे त्यांच्याच शास्त्रात पक्कं नाही.

भीमथडी

परवाना फक्त खास डॉक्टरला, एवढंच तुम्ही सांगितलंत. डॉक्टर कोण ते ठरवणार कोण? आरी मेला दोन वर्षांत, कपाळं वाचणारे पुढे पैशाला पासरी झाले असतील.

तरी ‘सोडवायला येणारा’ हा भाग मान्य. तेवढा आमच्याकडेही बोधिसत्त्वाच्या रूपाने आहे.

इतिहासाचं_खूळ

थोडं ऐतिहासिक, कारण ‘पूर्वजन्मीचं पाप’ एवढ्याने आरीचा संप्रदाय युरोपभर, उत्तर आफ्रिकेत, येमेनात का पसरला ते कळत नाही.

शोलेमचं म्हणणं असं: स्पेनमधून हाकललेल्या लोकांना आपल्या वनवासाचं कारण हवं होतं. आरीने सांगितलं, वनवासात तुम्ही एकटे नाही, सगळं विश्वच आहे. देवाने जग करायला स्वतःला आकसून जागा केली, त्या जागेत प्रकाश ओतला, पात्रांना तो झेपला नाही, ती फुटली. २८८ ठिणग्या कवचांमध्ये अडकल्या. म्हणजे बिघाड आदामाच्याही आधीचा! तुम्ही देशोधडीला लागलात ते ठिणग्या गोळा करायला. जीवाचा फेरा ही याच गोष्टीची माणसाएवढी आवृत्ती. शोलेमने हे १९४१च्या पुस्तकात मांडलं आणि पुढे पन्नासेक वर्षं तेच प्रमाण होतं. मोशे इदेल या पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाने १९८८मध्ये विचारलं, की मग आरीच्या संप्रदायाच्या लिखाणात स्पेनच्या हकालपट्टीचा उल्लेख का नाही? हे सगळे धागे जुन्या कब्बालेत आधीच होते. मला इदेलचा आक्षेप बिनतोड वाटतो आणि शोलेमची गोष्ट तरी सोडवत नाही.

भीमथडींसाठी एक जोड: या तर्काचा सगळ्यात भयानक झोल १६६६मध्ये झाला. शब्बताई झ्वी मशीहा म्हणून गाजत होता, तुर्की सुलतानापुढे उभं केल्यावर मुसलमान झाला. त्याचा प्रेषित गाझाचा नाथान म्हणाला, कवचांत अडकलेल्या ठिणग्या काढायला तो मुद्दाम आत उतरलाय. असं शास्त्र हाताशी असलं की कशालाही दुरुस्ती म्हणता येतं.

आणि आजकाल अमेरिकेतल्या ज्यू संस्था समाजकार्याला ‘तिक्कुन ओलाम’, म्हणजे जगाची दुरुस्ती, म्हणतात ते आरीच्या तिक्कुनपासून बरंच लांब आहे. त्याची दुरुस्ती व्हायची ती मुख्यतः प्रार्थना आणि आज्ञापालनातून, ठरावीक ध्यान लावून.

सई_सांजवेळ

मला वाटतं माधुकरींच्या मूळ प्रश्नाचं उत्तर पेणकरीण ताईंनी दिलंय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या झोपेआधीच्या प्रार्थनेत माफी मागितलेली नाही, दिलेली आहे. तीही मागच्या जन्मात दुखवलेल्याला, जो कोण होता ते माहीत नाही. जीवांचे वाटे एकमेकांत अडकलेले असतील तर मी धरून ठेवलेला राग दुसऱ्या कुणाला फेऱ्यात अडकवतो. मी सोडलं की तो सुटतो. भीमथडींच्या आक्षेपालाही हे थोडं लागू पडतं: इथे मागचा जन्म दुसऱ्याला आरोपी करायला वापरलेला नाही.

भीमथडी

ज्याने सोसलंय त्याने माफ करावं, हेही सोसणाऱ्यालाच काम. पण वाचन चांगलं आहे, नाकारत नाही.

नास्तिक_नाना

शेवटचा खडा. कुठेतरी वाचलं की ज्यूंचे जीव मुळात सहा लाखच. आज जगात ज्यू दीड कोटींच्या घरात आहेत. बाकीचे जीव आणले कुठून?

माधुकरी

नाना, सहा लाख ही मुळं. इजिप्तमधून बाहेर पडलेल्या पुरुषांचा तो आकडा. प्रत्येक मुळाच्या पुन्हा सहा लाखांपर्यंत ठिणग्या होऊ शकतात, असं वह्यांत आहे. सातबाऱ्यावर पिढीगणिक नावं वाढत जातात आणि गट नंबर तोच राहतो तसं समजा. एका मुळाचे लोक एकमेकांना ओळखतीलच असं नाही, उलट सख्ख्या भावांची मुळं वेगळी असू शकतात.

नास्तिक_नाना

म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा गुंठा आणि तोही वादातला. आता समजलं.

अर्धवटराव

ताई, मासे खाण्याबद्दल काही आहे का? शनिवारच्या जेवणात माशाला फार मान असतो असं ऐकलंय.

पेणकरीण

आहे ना. सत्पुरुषांचे जीव माशांत येतात असं आरीवाले मानतात. माशाला सुरीने कापायचा विधी लागत नाही, पाण्यातून काढला की झालं, म्हणून तो त्यांना बरा. शब्बाथला मासा खाल्ला की तो जीव सुटतो. आम्हा कोकण्यांना कारण लागत नव्हतं हो. खवलं आणि पर असलेला कुठलाही चालतो, त्यामुळे शुक्रवारी हलवा नाहीतर सुरमई, ओल्या नारळाच्या रसात. कोलंबी मात्र नाही, ते दुःख जन्मभराचं.

सई_सांजवेळ

ताई, पुढच्या वर्षी ऑफिसच्या कामाने हैफाला यायचं घाटतंय. त्सफात एका दिवसात होईल का? आरीच्या नावाचा, शुद्धीच्या स्नानाचा तो झऱ्याचा हौद बघायचाय.

पेणकरीण

होईल, हैफाहून बस आहे. पण हौद फक्त पुरुषांसाठी, आत जाता येणार नाही. (चिडू नकोस, मीही चिडले होते.) पाणी बर्फासारखं असतं, आमचे हे एक डुबकी मारून दात वाजवत बाहेर आले. जवळच कब्रस्तान आहे, तिथे सगळे जातात. आरीची कबर निळ्या रंगाने रंगवलेली, जवळच त्याचा गुरू कोर्दोवेरो. शुक्रवारी दुपारी जाऊ नकोस, बसा लवकर बंद होतात आणि अडकून पडशील. डोक्याला ओढणी ठेव आणि चपला घट्ट घाल, उतार वाईट आहे. येण्याआधी मला इथे खरडवहीत कळव, लोदला उतर, हलवा करते.